सात अंशांच्या खाली : टायरविषयी वाचकांचे प्रश्न

थंडीचे दिवस आले की या सदराकडे टायरविषयीची पत्रं वाढतात. पुण्यात राहून टायर आणि थंडी यांचा संबंध एरवी फारसा जाणवत नाही. पण मुलगी-जावई जर्मनीत, भाचा कॅनडात, आणि नव्या वर्षाच्या सुट्टीत आपली गाडी घेऊन हिमाचलला जायचा बेत, असं आता घरोघरी आहे. त्यातल्या पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

कोथरूडहून एक वाचक विचारतात : मुलगी ऑगस्टमध्ये म्युनिकला नोकरीला गेली. तिनं वापरलेली गोल्फ गाडी घेतली आहे. टायर २०५/५५ आर १६ ९१ व्ही, उन्हाळी. ऑफिसला ती मेट्रोनं जाते, गाडी शनिवार-रविवारी काढते. सहकारी सांगतात, विंटर टायर घे. गॅरेजवाला म्हणतो, ऑल-सीझन बसव, वर्षातून दोनदा बदलायची कटकट नको. बर्फ पडेल त्या दिवशी गाडी काढलीच नाही तर हा सगळा खर्च वाचणार नाही का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा गैरसमज तिथंच आहे. विंटर टायर फक्त बर्फासाठी असतो असं आपल्याला नावावरून वाटतं. तो थंडीसाठी असतो. नोव्हेंबरात म्युनिकला दुपारी नऊ-दहा अंश असतात, रात्री पारा शून्याजवळ येतो, रस्ता ओला असतो आणि बर्फाचा पत्ता नसतो. उन्हाळी टायरची पंचाईत त्या ओल्या रस्त्यावरच सुरू होते.

पुण्यात थंडीच्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत गोठून बसतं. रबर तसं एका ठरावीक अंशाला गोठत नाही, पण पारा उतरेल तसं कडक होत जातं. रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या बारीक खड्ड्यांत रबर दबून बसतं तेव्हा पकड मिळते. रबर कडक झालं की ते वरवर घसरतं. उन्हाळी टायरचं मिश्रण पंधरा, पंचवीस, पस्तीस अंशांना नीट चालावं म्हणून केलेलं असतं. विंटर टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त ठेवतात, त्यामुळे ते उणे दहालाही लवचीक राहतं. ७ अंश सेल्सियस हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच्या अलीकडे सगळं सुरक्षित आणि पलीकडे सगळं धोक्याचं असा त्याचा अर्थ नाही. साधारण त्या तापमानाला पारडं विंटर टायरकडे झुकू लागतं, एवढंच तो आकडा सांगतो. तो मोजायचा पहाटेच्या आणि रात्रीच्या तापमानावर, दुपारच्या नव्हे. मुलगी शनिवारी सकाळी आठला निघत असेल तर तिचं तापमान सकाळी आठचं.

दुसरा फरक नक्षीत आहे. विंटर टायर हातात घेऊन पाहिला तर रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतात. बर्फावर चाक फिरताना या चिरा उघडतात आणि बर्फ धरून ठेवतात. बर्फाला बर्फ चिकटतो, म्हणून टायरच्या खाचांत बर्फ भरलेला असणं इथं फायद्याचं. चिखलात नेमकं उलटं. तिथं खाच भरली की टायर गोटा झाल्यासारखा घसरतो.

आता कायदा. जर्मनीत ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा हिमाचा थर असेल तेव्हा योग्य टायर असलेच पाहिजेत. नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. वाहतूक अडली तर दंड वाढतो. योग्य टायर कोणता, हे साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या, एका चिन्हावरून ठरतं : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. फक्त ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं असलेले टायर पूर्वी चालत. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बर्फाळ रस्त्यासाठी ग्राह्य नाहीत. वापरलेले विंटर टायर स्वस्तात मिळतात म्हणून कुणी तिला देऊ केले, तर आधी डोंगराचं चिन्ह शोधायला सांगा. एम+एस ही अक्षरं कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर छापते. डोंगराच्या चिन्हासाठी टायरला बर्फावरच्या चाचणीत ठरलेली पातळी गाठावी लागते.

ऑल-सीझन की विंटर, हा तिचा मुख्य प्रश्न. युरोपात मिळणाऱ्या चांगल्या ऑल-सीझन टायरवर डोंगराचं चिन्ह असतं, त्यामुळे कायद्यानं ते चालतात. शहरात फिरणारी, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत चालणारी, सपाट भागातली गाडी असेल तर आम्हीही ऑल-सीझनच सुचवू. पण म्युनिकपासून आल्प्स दीड तासावर आहेत आणि तिची गाडी निघते ती शनिवार-रविवारी. म्हणजे ती बहुधा डोंगराकडेच जाणार. ऑस्ट्रियाची हद्दही जवळ. तिथं १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी स्थितीत असेल तर हिवाळी टायर सक्तीचे, आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल लागते. जर्मनीत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ४ मिलिमीटरच्या खाली विंटर टायरचा बर्फातला उपयोग झपाट्यानं कमी होतो. ऑल-सीझन टायर बाराही महिने झिजतो, त्यामुळे तो ही चार मिलिमीटरची रेघ लवकर ओलांडतो. या सगळ्याचा विचार करता तिच्यासाठी वेगळे विंटर टायर घेणं बरं.

खर्चाची भीती वाटते तेवढी खरी नाही. दोन संच घेतले तरी प्रत्येक संच अर्धंच वर्ष झिजतो, त्यामुळे टायरवरचा एकूण खर्च फार वाढत नाही. खरा जादा खर्च दुसऱ्या रिमांचा आणि वर्षातून दोनदा चाकं बदलण्याचा. रिमा वेगळ्या घ्याव्यात असंच आम्ही सांगू. दर वेळी टायर रिमवरून काढून दुसरा चढवला तर टायरची कड दुखावते आणि मजुरी जास्त लागते.

खरेदी करताना एक इंच लहान रिम घ्यायला हरकत नाही. २०५/५५ आर १६ (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंच) ऐवजी १९५/६५ आर १५ बसवला तर चाकाचा व्यास ६३२ ऐवजी ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे फरक नगण्य. टायर स्वस्त मिळतो, आणि अरुंद असल्यानं ओल्या बर्फात जरा जास्त रुततो, ते चांगलंच. मात्र हा आकार तिच्या गाडीच्या कागदपत्रांत मान्य असला पाहिजे आणि लहान रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या चिमट्याला) घासता कामा नये. भार निर्देशांक ९१ आहे, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. तो कागदपत्रांतल्या आकड्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. वेगाच्या अक्षरात मात्र सूट आहे. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०, ‘टी’ म्हणजे १९०. विंटर टायर खालच्या अक्षराचा चालतो, फक्त त्या वेगाचं स्टिकर चालकाला दिसेल असं लावायचं आणि तो वेग ओलांडायचा नाही.

दोन बारीक गोष्टी गॅरेजात विचारायच्या राहून जातात. अॅलॉय रिमचे बोल्ट लोखंडी रिमला लांब पडू शकतात आणि आत ब्रेकच्या भागांना लागतात, म्हणून नव्या रिमांसोबत बोल्ट कोणते वापरायचे ते आधी ठरवा. आणि गाडीत हवेचा दाब मोजणारे सेन्सर चाकाच्या आत असतील तर दुसऱ्या संचालाही सेन्सर लागतील, नाहीतर अख्खा हिवाळा डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत राहील. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा साधा हिशेब लोक पाळतात. तिला गॅरेजची वेळ शक्य तितक्या लवकर घ्यायला सांगा. पहिला बर्फ पडला की दोन-तीन आठवडे वेळ मिळणं मुश्कील होतं.

औंधहून एक वाचक : भाचा टोरांटोला आहे. त्याच्या गाडीला कंपनीनंच ऑल-सीझन टायर दिले आहेत. तुम्ही मागं लिहिलं होतं की ऑल-सीझन शहरात चालतात. मग त्याला वेगळे घ्यायची गरज नाही ना?

गरज आहे. इथं एकच शब्द दोन खंडांत दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून चुका होतात. उत्तर अमेरिकेत ‘ऑल-सीझन’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त एम+एस छापलेला टायर. तो पावसाला आणि हलक्या थंडीला ठीक असतो, पण उणे दहाला कडक होतो. युरोपातल्या ऑल-सीझनच्या जवळ जाणारा जो प्रकार तिकडे आहे त्याला ‘ऑल-वेदर’ म्हणतात आणि त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं. भाच्याला टायरचं नाव नको, साइडवॉलचा फोटो पाठवायला सांगा.

टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे तिथं विंटर टायर सक्तीचे नाहीत. पण ते बसवले तर विमा कंपनीनं हप्त्यात सूट द्यायची, असा नियम २०१६ पासून आहे. त्यानं विमा कंपनीला बिल दाखवून ती मागून घ्यावी. शेजारच्या क्वेबेकमध्ये मात्र तिथं नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे. खिळ्यांचे टायर घ्यावेत का असंही तुम्ही विचारलं आहे. ते ओंटारिओच्या फक्त उत्तर भागात चालतात, टोरांटोत नाही. गोठलेल्या पारदर्शक बर्फावर खिळ्यांना तोड नाही हे खरं, पण शहरात ओल्या किंवा कोरड्या डांबरावर ते आवाज करतात, रस्ता खरवडतात आणि ब्रेकला उपयोगी पडत नाहीत.

सहकारनगरहून : पुढच्या चाकांनीच गाडी ओढली जाते, मग दोनच विंटर टायर पुढं बसवले तर?

असं करू नका. गाडी निघेल, बर्फात चढही चढेल, आणि त्यामुळेच फसगत होते. वळणावर ब्रेक लावला की पुढची चाकं धरतात आणि मागची कडक टायरवर सरकतात. मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची चाकं घसरली तर ते स्टेअरिंगमध्ये आधी कळतं. मागची घसरली तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन मागं लावले तर गाडी वळतच नाही. चारही एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच बनावटीचे हवेत. पैसे कमी असतील तर चार स्वस्त विंटर टायर हे दोन महागांपेक्षा केव्हाही बरे, फक्त डोंगराचं चिन्ह पाहून घ्या.

याच वाचकांनी काढलेले टायर कसे ठेवायचे तेही विचारलं आहे. काढताना खडूनं खूण करा : पुढचा डावा, मागचा उजवा, असं. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर परत बसवताना तो पाळावा लागतो. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक रचा किंवा टांगा. रिमशिवाय असतील तर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा, म्हणजे एकाच जागी दबणार नाहीत. जागा कोरडी, थंड, अंधारी हवी. पाण्याची मोटर किंवा जुना फ्रीज शेजारी नको, कारण विजेच्या मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि त्यानं रबराला बारीक तडे जातात. चाकं नव्यानं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) तपासायचे. किती जोर, तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पायानं पान्यावर उभं राहून आवळायचे नाहीत. रिम वाकते, बोल्टचे आटे जातात.

पिंपळे सौदागरहून एक वाचक : जानेवारीत चौघंजण गाडीनं मनाली आणि पुढं अटल बोगद्यातून सिस्सूला जायचा बेत आहे. छोटी डिझेल एसयूव्ही, फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, टायर २१५/६० आर १६, ३० हजार किलोमीटर झालेले. पुण्यात विंटर टायर मिळतील का? की हवा कमी करून चालवायची, असं मित्र सांगतात?

दोन्ही नको. पुण्याहून मनाली एका बाजूनं सुमारे दोन हजार किलोमीटर. त्यातले शेवटचे पन्नास-साठ सोडले तर सगळा रस्ता कोरडा, आणि गुजरात-राजस्थानात दुपारी चांगलाच गरम. तिथं मऊ रबराचा टायर लोळतो, झिजतो आणि ब्रेकला लांब जातो. तुमच्यासाठी योग्य उत्तर म्हणजे तुमचे नेहमीचे टायर चांगल्या स्थितीत आणि डिकीत बर्फाच्या साखळ्या.

आधी टायर. नक्षीची खोली मापकानं मोजा. हे मापक शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणं घ्या. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण या प्रवासाला ४ मिलिमीटरच्या खाली निघू नका. आतल्या कडेला कमी आणि बाहेर जास्त असेल तर आधी अलाइनमेंट. मग टायरचं वय. साइडवॉलवर शेवटचे चार आकडे असतात. ‘३५२३’ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर, तोही पुण्याच्या उन्हात उभा राहिलेला, नक्षी असली तरी आतून कडक झालेला असतो. थंडीत तो आणखी कडक होतो.

साखळ्या घेताना डब्यावर २१५/६० आर १६ हा आकडा छापलेला आहे का ते पाहा. ‘सगळ्यांना बसते’ असं सांगून विकलेली साखळी सैल राहते आणि सैल साखळी ब्रेकची नळी किंवा फेंडर फाडते. चौकटीच्या नक्षीची साखळी शिडीच्या नक्षीपेक्षा आडव्या घसरणीला जास्त धरते, म्हणून ती घ्या. टायर आणि आतल्या सस्पेन्शनच्या नळकांड्यामध्ये साखळीला पुरेल एवढी जागा आहे ना, हे गाडीच्या पुस्तकात बघा. काही गाड्यांना कंपनी साखळी लावायला मनाईच करते. फ्रंट-व्हील-ड्राइव्हला साखळ्या पुढच्या चाकांना, कारण तीच ओढतात आणि तीच वळतात.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा तरी बसवून पाहा. बर्फात, बोटं बधिर झालेली असताना, पुस्तिका वाचत हे काम होत नाही. आधी साखळी जमिनीवर पसरून गुंता काढायचा. लवचीक वायरचा गोल चाकाच्या मागून सरकवून त्याची दोन टोकं वर आणायची आणि जोडायची. मग साखळी टायरच्या तोंडावर ओढून समोरचे हूक लावायचे, खालून ताणसाखळी ओवून घट्ट करायची आणि उरलेलं टोक अडकवून टाकायचं, लोंबतं ठेवायचं नाही. पन्नास ते शंभर मीटर गाडी चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. ही दुसरी ताण लोक विसरतात आणि बहुतेक साखळ्या त्यामुळेच तुटतात. वेग ४० च्या आत. रस्ता काळा दिसू लागला की साखळी काढायची. डांबरावर ती काही किलोमीटरांत झिजते आणि टायरही कापते. जाड रबरी हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई सोबत ठेवा.

हवा कमी करण्याचा सल्ला वाळूसाठी बरोबर आहे, दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यासाठी नाही. इथं दरवाजावर लिहिलेला दाबच ठेवायचा. पण तो तिथं पोहोचल्यावर आपोआप बदलतो, आणि दोन उलट कारणांनी. थंडीनं हवा आकुंचन पावते आणि दाब उतरतो. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यानं मापकावरचा आकडा चढतो. पुण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर मनालीत, २०५० मीटर उंचीवर, उणे १० अंशांना साधारण २९ दाखवेल. उंचीचा हिशेब नसता तर तो २७ च्या खाली गेला असता. म्हणून स्वतःचं मापक ठेवा आणि रोज सकाळी निघण्याआधी चारही चाकं बघा. परतताना, सपाटीवर उन्हात, हाच आकडा पुन्हा वर जाईल, तेव्हा तिथंही तपासा.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० मीटरवर. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा, गाड्या वेगात. उत्तरेच्या तोंडाबाहेर एकदम गोठलेला रस्ता. बाहेर पडण्याआधीच वेग उतरवून ठेवा. बर्फ पडल्यावर सोलंगच्या पुढं पोलीस अनेकदा फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्या सोडतात. अडवलं तर हुज्जत न घालता स्थानिक गाडी करा. आणि हे खास सांगावंसं वाटतं : फोर-बाय-फोर गाडीला निघायला आणि चढायला मदत करतं, थांबायला नाही. ब्रेक लावताना सगळ्या गाड्यांना चारच चाकं असतात आणि पकड टायर देतो. उतारावर दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक हलके आणि लवकर, स्टेअरिंग संथ. सावलीतली वळणं आणि पूल सकाळी दहापर्यंत गोठलेले धरून चाला. तिथं काळ्या डांबरावर काचेसारखा पातळ थर असतो आणि तो डोळ्यांना ओला रस्ता वाटतो. त्यावर कुठलाही साधा टायर, विंटर टायरसुद्धा, फारसा धरत नाही. उन्ह येईपर्यंत थांबणं हाच त्यावर उपाय आहे.

डिझेल गाडी आहे म्हणून एवढं आणखी : मैदानी भागातलं डिझेल टाकीत भरून नेऊ नका. कडक थंडीत त्यातलं मेण दाटतं आणि फिल्टर तुंबतो. टाकी कमी करत जा आणि डोंगरात शिरल्यावर तिथल्या पंपावर भरा. रात्री हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा, कारण ओलावा गोठला की हँडब्रेक सकाळी सुटत नाही.

पाषाणहून एक वाचक : आमच्याकडे जानेवारीत सकाळी आठ-नऊ अंश असतात. गाडी सुरू केली की टायरच्या हवेचा दिवा लागतो आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत विझतो. पंक्चर नाही. नाना पेठेतल्या एका दुकानदारानं आयात केलेले विंटर टायर निम्म्या किमतीत देऊ केले आहेत. घेऊ का? की नायट्रोजन भरू?

विंटर टायर घेऊ नका. पाषाणला सकाळी आठ अंश असतात त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीस. पुण्याच्या नोंदीतलं नीचांकी तापमान १.७ अंश आहे, तेही जानेवारी १९३५ मधलं. तुमची गाडी सात अंशांखाली वर्षातून फार तर काही तास चालणार. एप्रिलमध्ये चाळीस अंशांत एक्स्प्रेसवेवर तोच मऊ टायर तापेल, वळणावर लडबडेल आणि ब्रेकला लांब जाईल. निम्मी किंमत का, तेही आधी पाहा : साइडवॉलवरचे चार आकडे वाचा. परदेशात वय झालेला किंवा वापरलेला माल अशा किमतीत फिरतो.

दिव्याचं कारण साधं आहे. तुम्ही हवा बहुधा दुपारी, गाडी चालवत पंपावर नेऊन भरता. तेव्हा टायर ४५ अंशांच्या आसपास तापलेला असतो. पंपावरचा मुलगा ३३ भरून देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ९ अंशांना तोच टायर २८ च्या जवळ असतो. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते. दाब ठरलेल्या आकड्याच्या साधारण वीस-पंचवीस टक्के खाली गेला की दिवा लागतो. चार-पाच किलोमीटर चाललं की टायर तापतो, दाब चढतो आणि दिवा विझतो. विझला म्हणून हवा पुरेशी आहे असं समजू नका. थंड टायरचा आकडाच खरा.

नायट्रोजननं हे बदलणार नाही. आपली साधी हवा मुळातच ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि थंडीत दोन्ही सारखीच आकुंचन पावतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा सावकाश झिरपतो, तेवढाच त्याचा फायदा. त्यासाठी जादा पैसे द्यावेत असं आम्हाला वाटत नाही, आणि नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही.

गाडी किमान तीन तास उभी राहिलेली हवी आणि पंप दोन किलोमीटरच्या आत, तर ‘थंड’ टायर म्हणता येईल. तेवढ्यात पंप नसेल तर बाराशे-पंधराशे रुपयांचा बारा व्होल्टचा छोटा पंप घेऊन घरीच सकाळी भरा. तापलेल्या टायरमध्ये भरायचीच वेळ आली तर दरवाजावरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासून जादा असेल ती काढा. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून त्यातली हवा कधी काढू नका. फेब्रुवारीच्या शेवटी पारा चढू लागला की पुन्हा एकदा सकाळीच मोजा, कारण जानेवारीच्या थंडीत बरोबर भरलेली हवा तेव्हा थोडी जास्त होऊ शकते. स्टेपनीही त्याच दिवशी बघा. तिला कुणी हात लावत नाही, आणि पंक्चर झालं की तिच्यात पंधरा हवा निघते.